होल्डरच्या नटास हात लावू नये

त्या बुधवारी सकाळी दहा वाजता गुजरसाहेबांनी रिक्षातून एक खोकं उतरवलं. खोक्यात दोन टूल पोस्ट आणि बारा होल्डर होते. जेवणाच्या सुट्टीनंतर मी दोन्ही लेथवरचे टूल पोस्ट काढले आणि खोक्यातले बसवले. संध्याकाळी साडेपाच वाजता एक पाटी लिहून भिंतीवर लावली. तांबेकाकांनी ती वाचली, हात धुतले आणि सायकल काढली.

तांबेकाका गेल्या भाद्रपदात गेले. तेव्हापासून हा लेख मी चार वेळा लिहायला घेतला आणि चारही वेळा लेथचं वर्णन करण्यातच कागद संपले. या वेळीही ते वर्णन टळणार नाही. त्या बुधवारनंतर जे झालं ते एका मिलिमीटरच्या आत झालं, आणि तो मिलिमीटर दाखवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

कोथरूडमध्ये तेव्हा छोट्या कारखान्यांच्या शेड होत्या. आज तिथे राहणाऱ्यांना हे सांगितलं की ते सौजन्याने ऐकून घेतात. गुजरसाहेबांची शेड त्यातलीच एक. दोन लेथ, एक ड्रिल, एक मिलिंग मशीन, कोपऱ्यात कानशी मारायचं लांब टेबल, आणि आम्ही सहा माणसं. साहेब स्वतः डिप्लोमावाले, स्वभावाने उतावळे, मनाने वाईट नव्हेत. एक नंबरच्या लेथवर मी, दोन नंबरवर तांबेकाका. ते माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे आणि खऱ्या अर्थाने माझे शिक्षक. आयटीआयमधून मी टर्नरचं प्रमाणपत्र घेऊन आलो होतो. ते त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. जपून ठेवा, तेल लागेल."

मी येरवड्याहून यायचो. माझे वडील छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, होते. छपाईत बिघडलेले कागद ते घरी आणत आणि त्यावर आम्ही भावंडं वाचायला शिकलो. एखाद्या कादंबरीची तेहतीस ते अठ्ठेचाळीस एवढीच पानं हाती लागत. आधी काय झालं ते माहीत नाही आणि पुढे काय होणार तेही नाही. तरी वाचायचं. त्यातून मला छापील अक्षरावर विश्वास ठेवायची सवय लागली, आणि माझं स्वतःचं अक्षरही बरं झालं. या दोन्ही गोष्टी पुढे नडल्या.

आता लेथ. कुंभाराचं चाक आडवं पाडलं आहे अशी कल्पना करा. फिरतो तो धातूचा तुकडा, म्हणजे जॉब. त्याला कापणारं टूल एका जागी घट्ट धरलेलं असतं आणि ते हळूहळू पुढे सरकवायचं. ज्या ठोकळ्यात टूल धरतात तो टूल पोस्ट. सगळी मेख टूलच्या टोकाच्या उंचीत असते. फिरणाऱ्या जॉबच्या बरोबर मध्यावर, म्हणजे सेंटरवर, ते टोक यायला हवं. वर गेलं तर टूल कापण्याऐवजी घासतं. खाली राहिलं तर जॉबचं तोंड सपाट करताना मध्यावर एक बारीक टेंगूळ उरतं, मुगाएवढं किंवा त्याहून लहान. टेंगूळ दिसलं की टर्नरने समजायचं, टूल खाली आहे.

जुन्या चौकोनी पोस्टमध्ये ही उंची आणायला टूलखाली पत्र्याच्या पट्ट्या घालाव्या लागत. त्याला पॅकिंग म्हणतात. प्रत्येक टर्नरचा पॅकिंगचा स्वतःचा डबा असे आणि तो दुसऱ्याला देत नसत. तांबेकाकांचा डबा बिस्किटांचा होता. त्यात करवतीच्या पात्यांचे तुकडे, दाढीची ब्लेडं, तेलाच्या डब्याचा पत्रा, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, असं सगळं जाडीप्रमाणे लावलेलं. टूल बदललं की पट्ट्या काढायच्या, दुसऱ्या घालायच्या, आवळायचं, बघायचं, पुन्हा सोडायचं. एका जॉबला पाच टूल लागली तर दिवसाचा मोठा भाग ह्यातच जाई.

उंची बघायची कशी, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दाखवलं. स्टीलची पातळ पट्टी हातात दिली आणि म्हणाले, "अहो वाघमारे, पट्टीने मोजतात असं शाळेत शिकवलं असेल. ते तूर्त विसरा." चकमध्ये, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्यात, गोल सळई होती. टूलचं टोक आणि सळई यांच्यामध्ये त्यांनी पट्टी अलगद चिमटीत धरल्यासारखी अडकवली. पट्टी सरळ उभी राहिली. "उभी राहिली की सेंटर. डोकं आपल्याकडे झुकलं की टूल खाली. पलीकडे झुकलं की वर. हिला खोटं बोलता येत नाही." रोज सकाळी, चहाच्या आधी, ते प्रत्येक टूलला ही पट्टी लावत. आदल्या दिवशी स्वतःच लावलेलं टूल असलं तरी. हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

खोक्यातल्या नव्या टूल पोस्टची गंमत अशी की त्यात पॅकिंग लागत नाही. प्रत्येक टूलला स्वतंत्र होल्डर. होल्डरच्या पाठीला खाच असते. ती पोस्टवर वरून सरकवायची, दांडा फिरवायचा, आतली पाचर दाबली जाते आणि होल्डर जखडतो. होल्डर किती खाली उतरेल ते त्याच्या डोक्यावरचा एक नट ठरवतो. नट फिरवून टूल एकदा सेंटरवर आणायचं, वरून दुसरा नट आवळून तो जाम करायचा. त्यानंतर होल्डर शंभर वेळा काढा, शंभर वेळा घाला, टूल त्याच उंचीवर येतं. पूर्वी असली वस्तू मागवायला परवाने लागत. त्या वर्षांत ते सुटले आणि गुजरसाहेब एका प्रदर्शनातून ऑर्डर देऊनच परतले.

तांबेकाकांनी पोस्टला एक प्रदक्षिणा घातली. "काय फायदा म्हणतात मालक?"

"वेळ वाचेल म्हणतात."

"असं. वाचलेला वेळ ठेवणार कुठे?"

मग आपला डबा उघडून पाहिला, बंद केला आणि म्हणाले, "उद्यापासून ह्यात शेंगदाणे आणतो." आणि खरंच आणले. आम्हा सगळ्यांना वाटले. थोडा तेलाचा वास यायचा, पण कोणी नाही म्हटलं नाही.

साहेबांनी सेटिंगचं काम माझ्यावर सोपवलं. सोबत आलेली पुस्तिका इंग्रजीत होती आणि ती मुळापासून वाचेल असा शेडमध्ये मीच होतो. मी ती दोन वेळा वाचली. तिच्यात एक वाक्य होतं, की एकाच मापाच्या पोस्टवर होल्डर अदलाबदल करता येतात. ते वाक्य मला फार आवडलं. दोन्ही लेथ एकाच कंपनीचे, एकाच वर्षी घेतलेले. पोस्ट एकाच मापाचे. त्या दुपारी तांबेकाकांच्या लेथवर साफसफाई चालू होती. म्हणून मी बाराच्या बारा होल्डर माझ्याच लेथवर लावले, पट्टी लावून एकेक टूल सेंटरवर आणलं, नट जाम केले. नट सैल झाला तर कळावं म्हणून प्रत्येकावर लाल रंगाचा ठिपका दिला. मग सहा होल्डर माझ्याकडे ठेवले आणि सहा तांबेकाकांच्या लेथशेजारच्या फळीवर मांडले.

साहेब म्हणाले, "वाघमारे, आता ह्या नटांना कोणी हात लावता कामा नये. नाहीतर प्रत्येक जण आपलं डोकं चालवेल आणि आपण होतो तिथेच. एक पाटी लिहून टाका."

मी पुठ्ठ्यावर पाटी लिहिली. 'सेटिंग केलेल्या होल्डरच्या नटास हात लावू नये.' शिरोरेषा पट्टीने आखली होती.

पुस्तिकेतलं वाक्य खोटं नव्हतं. ते पोस्टबद्दल होतं, लेथबद्दल नव्हतं. दोन नंबरच्या लेथचा बेड, म्हणजे ज्याच्यावर सगळं सरकतं तो खालचा भाग, झिजल्यामुळे पूर्वी दोनदा ग्राइंड करून घेतला होता. बेड खाली गेला की त्याच्यावरचं सगळंच खाली जातं. जॉब मात्र आपल्या जागीच फिरत राहतो. त्यामुळे एक नंबरवर सेंटरला असलेलं टूल दोन नंबरवर पाऊण मिलिमीटर खाली बसत होतं. चौकोनी पोस्टच्या काळात हा फरक कोणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं, कारण जो तो आपल्या लेथवर आपली पॅकिंग घालायचा. बेडची हकिगत मला तांबेकाकांनीच कधीतरी सांगितली होती. मी ती ऐकली होती. पण ती छापलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात दोन नंबरच्या लेथवर आपटे सरांचं काम लागलं.

आपटे सर हे आमचं सगळ्यात चमत्कारिक गिऱ्हाईक. शाळेत विज्ञान शिकवून लवकर निवृत्त झाले आणि कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी गॅसचे पितळी नळ बनवू लागले. शेडमध्ये आले की सगळ्या मशीन क्षणभर थांबवायला लावत, मग बोलत. प्रश्न विचारला की उत्तराची वाट बघत, आणि उत्तर चुकलं की "बसा" म्हणत. त्यांच्या नळात एक निमुळता पितळी प्लग असे, लहान बोराच्या आकाराच्या भोवऱ्यासारखा. त्याला मध्यावर आरपार भोक. प्लग फिरवला की भोक नळीच्या रेषेत येतं आणि गॅस सुटतो. पाव फेरा फिरवला की बंद. म्हणजे सगळी सुरक्षितता त्या उतरत्या पृष्ठभागावर. तो आतल्या भोकात सगळीकडून टेकला पाहिजे. नमुन्याचा पहिला प्लग तांबेकाकांनी जुन्या पोस्टवर करून दिला होता. सरांनी तो भिंगाखाली पाहिला आणि म्हणाले, "पैकीच्या पैकी." मग तीनशे प्लगांची ऑर्डर आली, आणि ती नव्या पोस्टवर झाली. पूर्वी ज्याला दहा दिवस लागले असते ते काम पाच दिवसांत झालं. साहेब खूश होते.

दोन आठवड्यांनी सर रिक्षातून उतरले. हातात आमचंच खोकं आणि एक प्लास्टिकची बादली. त्यांनी मशीन थांबवायला सांगितल्या. बादलीत साबणाचं पाणी होतं. एक जोडलेला नळ बंद करून त्यांनी तो पाण्यात बुडवला आणि मागून रबरी नळीने फुंकर मारली. बुडबुडे आले.

"हा नळ उघडा आहे की बंद?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"बंद आहे, सर."

"बसा."

मग त्यांनी प्लगला निळा रंग लावला. टेपर तपासण्याची ती रीत आहे. निमुळत्या भागाला रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा, गेजमध्ये, म्हणजे त्याच मापाच्या नमुन्याच्या भोकात, घालून अर्धा फेरा फिरवायचा आणि बाहेर काढून बघायचं. जिथे टेकलं तिथला रंग पुसला जातो. प्लगच्या दोन्ही टोकांना रंग पुसला गेला होता. मध्ये, बरोबर भोकाच्या जागी, तो लावला तसाच होता.

"मी प्रत्येक प्लग हाताने घासून बसवतो," सर म्हणाले. "दहा फेरे पुरतात. ह्यांना पन्नास दिले तरी मध्ये टेकत नाही. हे काय आहे?"

साहेबांनी तांबेकाकांकडे पाहिलं. "अँगल तपासला होता?"

"तपासला होता."

"गेज?"

"गेजमध्ये डुगडुगत नव्हता."

"निळा लावून पाहिलात?"

"नमुन्याला पाहिला होता. पुढे तुम्हीच म्हणालात, घाई आहे."

"मग मध्ये पोकळ का?"

तांबेकाकांनी प्लग हातात घेतला. मग म्हणाले, "मी टूलच्या सेटिंगला हात लावलेला नाही."

साहेबांना ती सबब वाटली. मलाही, खरं सांगतो, तेव्हा सबबच वाटली. कारण मला काहीच समजलं नव्हतं. सर खोकं ठेवून गेले. साहेब एवढंच म्हणाले, "काका, डोळ्यांचं वय झालं की सांगायचं असतं हो. यात कमीपणा काय?" दुसऱ्या दिवसापासून तांबेकाका कोपऱ्यातल्या लांब टेबलावर बसू लागले. तिथलं काम म्हणजे तयार जॉबच्या कडा कानशीने मारायच्या, पुसायचे, कागदात गुंडाळून खोक्यात भरायचे. तीस वर्षं लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला स्टूल देण्यात आलं. पगार तोच ठेवला होता.

आमची सुट्टी गुरुवारी असे, कारण त्या भागाची वीज गुरुवारी बंद. तो गुरुवार मी एका वाचनालयात टर्निंगवरचं इंग्रजी पुस्तक घेऊन बसलो. टेपरच्या प्रकरणात चार ओळी सापडल्या. टूल सेंटरच्या खाली वा वर असताना टेपर कापला तर तो सरळ उतरत नाही, मध्ये किंचित खोलगट होतो. अँगल कितीही नेमका लावा, दोन्ही टोकं टेकतील आणि मध्य टेकणार नाही. खोली केसाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी. डोळ्याला दिसणार नाही, पण गॅसला वाट मिळेल.

शुक्रवारी मी तासभर आधी शेडमध्ये गेलो. परत आलेल्या खोक्यातले प्लग उलटे करून त्यांची बारकी तोंडं पाहिली. लेथवर सपाट केलेल्या तोंडावर मध्यापर्यंत बारीक गोल रेषा असतात. ह्या प्लगांवर कडेला गोल रेषा होत्या आणि मध्यावर आडव्या. आडव्या रेषा कानशीच्या. दुसरा प्लग पाहिला. दहावा पाहिला. सगळे तसेच. म्हणजे प्रत्येक प्लगच्या तोंडावर टेंगूळ राहिलं होतं आणि ते प्रत्येक वेळी तांबेकाकांनी कानशीने काढलं होतं. तीनशे वेळा.

मग दोन नंबरच्या लेथवर सळई बांधली, फळीवरचा होल्डर चढवला आणि पट्टी अडकवली. पट्टीचं डोकं माझ्याकडे झुकलं. सहाही होल्डरांना झुकलं.

मी जे केलं ते क्रमाने लिहितो. मी सहाही नटांवरचा लाल ठिपका खरवडला. नट सोडून टूल वर आणली, पट्टी उभी राहीपर्यंत. पुन्हा जाम केले, पुन्हा ठिपके दिले. होल्डरांवर आकडे ठोकले: माझ्या लेथच्या होल्डरांवर एक, त्यांच्यावर दोन. हे सगळं लोक यायच्या आत झालं. नऊ वाजता साहेब आले, तेव्हा त्यांना सांगायचं ठरवलं होतं. ते आल्या आल्या म्हणाले, "वाघमारे, दोन नंबरवर आता तुम्हीच उभे राहा. सरांची ऑर्डर पुन्हा करून देऊ. आणि पुढच्या महिन्यात कॉम्प्युटरवाल्या मशीनच्या ट्रेनिंगला एकाला पाठवणार आहे, तुमचं नाव दिलंय." मी मनात म्हटलं, दुपारी सांगू. दुपारी म्हटलं, उद्या.

ऑर्डर मी पुन्हा केली, त्याच लेथवर, त्याच पोस्टवर. सरांनी निळा लावला. टोकापासून टोकापर्यंत सारखा पुसला गेला. साहेब टेबलाकडे वळून म्हणाले, "बघा काका. मशीनचा दोष नव्हता."

तांबेकाका कानस मारत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "उत्तम झालेत."

माझी चूक मी दुरुस्त केली आणि ती दुरुस्तीच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाली. हे मला त्याच क्षणी समजलं होतं. 'नंतर लक्षात आलं' असं लिहायची सोय मला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी चहाच्या वेळी ते माझ्याशेजारी येऊन बसले. शेंगदाण्याचा डबा पुढे केला. म्हणाले, "होल्डरांवर आकडे घातलेत. चांगलं केलंत."

मी म्हणालो, "काका, तुम्हाला ते टेंगूळ दिसलं होतं ना?"

"दिसेल नाही तर काय."

"मग नट का नाही फिरवलात? नाहीतर मला हाक तरी मारायची."

"चहा घ्या, साय धरतेय त्यावर," ते म्हणाले आणि उठले.

या गोष्टीला आता जवळजवळ तीस वर्षं होतील. मी ट्रेनिंगला गेलो. पुढे त्या शेडमधून बाहेर पडलो, भोसरीला कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर उमेदीची सगळी वर्षं काढली. तिथे टूलची लांबी-उंची मशीन स्वतः मोजतं आणि लक्षात ठेवतं. कोणत्या मशीनचं टूल आहे हेही विसरत नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्यांना पट्टीची युक्ती मी दाखवायचो. ते मोबाइलवर फोटो काढायचे आणि थँक यू सर म्हणायचे. तांबेकाका टेबलावर दोन वर्षं बसले आणि मग यायचे थांबले. शेड विकली गेली. मी वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि संक्रांतीला, नारायण पेठेत त्यांच्याकडे जात राहिलो. ते पुस्तकांची चौकशी करायचे, मी मंडईतून आणलेली फळं ठेवायचो. लेथचा विषय ते काढत नसत. मी तर नाहीच.

टर्नर म्हणून मला एक गोष्ट कधीच सुटली नाही. रोज सकाळी पट्टी लावणाऱ्या माणसाने त्या आठवड्यात पट्टी का लावली नाही? की लावली, झुकलेली पाहिली आणि खिशात ठेवली? नट फिरवायला अर्धं मिनिट लागतं. टेंगूळ कानशीने काढायला तेवढंच लागतं, आणि त्यांनी ते तीनशे वेळा केलं. कधी वाटतं, त्यांना नवा पोस्ट फसायला हवा होता. पण मग त्यांनी टेंगळं तशीच ठेवली असती. काम इतकं निगुतीने झाकलं नसतं. कधी वाटतं, माझ्या सेटिंगवर त्यांचा विश्वास होता आणि दोष आपल्या लेथचा आहे असं समजून ते सांभाळून घेत होते. कधी ती पाटी आठवते. नारायण पेठेतले तांबे आणि येरवड्याचा वाघमारे. शेडमध्ये माझं ऐकून काम करणं आधीच दोघातिघांना जड जात होतं, आणि ते आडून बोलतही असत. माझ्या पहिल्याच हुकुमाला तांबेकाकांनी हात लावला असता, तर उद्यापासून प्रत्येकाने लावला असता. हे त्यांना दिसलं असेल का? की मीच आता त्यांना माझ्या सोयीचं मोठेपण देतो आहे? एखादे दिवशी ही शक्यता मला खरी वाटते आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्यांच्या दिवसांनंतर मी काकूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नट आणि होल्डर त्यांना समजले असतील असं नाही, पण कोणाची चूक होती ते समजलं.

"त्या वर्षी त्यांना मोतीबिंदू होता," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनला भ्यायचे. कोणाला सांगू नकोस म्हणाले होते. बोटांनी चाचपून सगळं करायचे, अगदी भाजीसुद्धा निवडायचे."

म्हणजे साहेबांचं म्हणणंही थोडं खरं होतं? बोटाला टेंगूळ लागत असेल आणि पट्टी दिसत नसेल? पण मग मला ते "दिसेल नाही तर काय" म्हणाले, ते काय होतं? मी काकूंना विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलले?"

"नाही हो. तुम्ही आलात की त्यांना बरं वाटायचं." मग म्हणाल्या, "हे तुम्ही आता मला सांगताय, वाघमारे. मी काय करू याचं? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा की."

म्हणून गुजरसाहेबांना शोधलं. ते कोथरूडमध्येच, मुलाकडे राहतात. पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहेत. त्यांनी मला ओळखलं, आनंद झाला, सुनेला चहा टाकायला सांगितला. सून घरूनच कॉम्प्युटरवर काम करत होती, ती कानातलं यंत्र काढून चहा देऊन गेली. मी म्हणालो, "साहेब, तांबेकाका गेले."

"अरेरे," ते म्हणाले. मग विचारात पडले. "तांबे म्हणजे ते आपल्याकडे पॅकिंगला होते ते? टेबलावर बसायचे?"

"नाही साहेब. टर्नर होते. दोन नंबरवर."

"दोन नंबरवर तर तुम्ही होता."

मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. बेड, होल्डर, पाटी, प्लग. मध्येच त्यांनी आपटे सरांची बादली आठवून हसून घेतलं. शेवटी म्हणाले, "अहो, असेल. तीनशे नग म्हणजे काय मोठंसं. तुम्ही अजून ते धरून बसलात?" आणि दारापर्यंत सोडायला आले. लिफ्टपाशी त्यांनी पुन्हा विचारलं, "कोण गेले म्हणालात?"

शेड राहिलेली नाही. दोन्ही लेथ कुठे गेले ते मला माहीत नाही. तांबेकाकांनी नट का फिरवला नाही, तेही मला माहीत नाही आणि आता कळणार नाही. दिनकर तांबे टर्नर होते. त्या तीनशे प्लगांचं सेटिंग माझं होतं.